रीना मॅडमले फोन द्या

लतिकाच्या सासूबाईंनी, म्हणजे सिंधूताईंनी, घरातला राऊटर लोखंडी कपाटात ठेवला होता. ठेवणीतल्या साड्यांच्या वरच्या खणात, अंगावर क्रोशाचा रुमाल पांघरून. एक तर त्याच्यावर धूळ बसू नये, आणि दुसरं म्हणजे त्याचे हिरवे दिवे सारखे लुकलुकतात ते त्यांना बघवत नसे. वायर आत जाण्यापुरतं दार किलकिलं राही, बाकी सगळा कडेकोट बंदोबस्त. टीव्ही बाहेरच्या खोलीत. मध्ये एक भिंत, एक फ्रीज आणि कपाटाचा पत्रा. एवढं सगळं ओलांडून टीव्हीपर्यंत पोचायचं म्हणजे नेटची दमछाक होणारच. मालिका ऐन रंगात आली, नायिकेनं सासूच्या डोळ्याला डोळा भिडवला, की चित्र जागच्या जागी थिजायचं आणि मधोमध एक गोल फिरायला लागायचा.

"पुन्हा अटकलं," सिंधूताई ओरडायच्या. "तू मोबाइल पाहून राहिली असशील आत!"

लतिका आत कणीक मळत असायची. मोबाइल ओट्यावर उपडा पडलेला असायचा.

"आई, तो राऊटर कपाटातून काढून टीव्हीजवळ ठेवा नं. लोखंडातून नेट नाही जात."

"तुले काय समजते वं त्यातलं?"

हाच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर लतिकानं त्याला नीट उत्तर दिलं असतं. ती 'झपाट ब्रॉडबँड'च्या ग्राहक सेवेत होती. सेंट्रल अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, कानाला हेडफोन लावून, ती दिवसभर अर्ध्या नागपुरातले अटकलेले टीव्ही सुरू करून देत असे. घरातलं कनेक्शनही तिथलंच होतं. पण सिंधूताईंच्या लेखी ते फोन उचलण्याचं काम होतं. "आमची सून फोन उचलते," असं त्या लकडगंजातल्या आपल्या गल्लीत सांगत, आणि ज्या सुरात सांगत त्यावरून ऐकणाऱ्याला वाटे, ती फोन इथून उचलून तिथे ठेवत असावी.

सिंधूताई स्वतः काही साध्यासुध्या बाई नव्हत्या. धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती, शेवटची बरीच वर्षं मेट्रन म्हणून. त्यांचा राउंड असला की शिकाऊ डॉक्टरसुद्धा हात खिशातून बाहेर काढायचे. त्यांच्या माहेराहून, खाप्याहून, मोतीबिंदूचे म्हातारे पेशंट त्यांचं नाव सांगत यायचे आणि ऑपरेशनच्या नावानं थरथरायचे. सिंधू सिस्टर त्यांना दटावायच्या, "डोळ्याचं ऑपरेशन आहे बाबाजी, मुंडकं नाही कापून राहिलो." निवृत्त झाल्यावर वॉर्ड गेला, आणि हुकूम चालवायला उरले मुलगा अंकुश, सून लतिका आणि टीव्ही. त्यातला अंकुश औषधांच्या होलसेल दुकानात जाई तो संध्याकाळीच परते, आणि घरातल्या दोन बायकांच्या मध्ये न सापडण्याची कला त्यानं चांगलीच साधली होती. आवाज चढले की त्याला दूध आणायचं आठवे. त्यांच्याकडे दूध कधी कमी पडत नसे.

राहिला टीव्ही. तो ऐकत नव्हता.

शेवटी एका दुपारी, घरात कुणी नसताना, सिंधूताईंनी बिलावरचा नंबर पाहून सरळ कंपनीला फोन लावला.

लतिकाच्या कानात टिंग वाजलं आणि तोंडातून नेहमीचं वाक्य आपोआप निघून गेलं. "नमस्कार, झपाट ब्रॉडबँडमध्ये आपलं स्वागत आहे. मी रीना बोलतेय. सांगा, काय अडचण आहे?"

रीना हे तिचं कामावरचं नाव. ती नोकरीला लागली तेव्हा तिथे एक लतिका आधीच होती, आणि टीम लीडर ऋषिकेशनं, दोन लतिका म्हणजे डोक्याला ताप, म्हणून हिची रीना करून टाकली. नावाबरोबर बोलणंही बदललं. प्रशिक्षणात सगळ्यांचं 'मले-तुले' घासूनपुसून काढलं होतं. कामावरचा तिचा आवाज थोडा उंच, थोडा गोड आणि इतका शुद्ध होता की अंकुशनं एकदा तिला ऑफिसात फोन केला तेव्हा राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता.

"नमस्कार मॅडम," पलीकडून आवाज आला. "मी सिंधू सोनटक्के बोलते. रिटायर्ड मेट्रन. जरा तकलीफ देते तुम्हाले."

लतिकानं स्क्रीनकडे पाहिलं. ग्राहकाचं नाव: अंकुश सोनटक्के. पत्ता घरचा. आई, मीच आहे, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण 'मॅडम' आणि 'तकलीफ' हे दोन शब्द तिनं या तोंडून जन्मात पहिल्यांदाच ऐकले होते. ते अजून थोडा वेळ ऐकावेत असं तिला वाटलं.

"तकलीफ कसली, ताई. सांगा ना."

सिंधूताईंनी सगळी हकीकत सांगितली, पेशंटची केस सांगावी तशी: केव्हापासून, किती वेळा, जेवणाआधी की जेवणानंतर.

"राऊटर कुठे ठेवलाय आपण?"

"कपाटात."

"लाकडी कपाट?"

"लोखंडी," सिंधूताई जरा हळू म्हणाल्या.

"ताई, असं बघा. तुम्ही वॉर्डच्या दारात उभं राहून हाक मारली तर शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जायची ना? आता तीच हाक कपाटात बसून, दार लावून मारली असती तर?"

मग सिंधूताई मनापासून म्हणाल्या, "काय समजावून सांगता मॅडम तुम्ही! हे तर मले कोणी सांगितलंच नाही."

लतिकानं डोळे मिटून घेतले आणि पाच बोटं टेबलावर दाबून धरली.

राऊटर बाहेर आला. क्रोशाचा रुमालही निघाला. टीव्हीच्या बाजूला उंचावर, मोकळ्या जागी त्याची स्थापना झाली, आणि नायिका एकदाही न अटकता सासूला जे बोलायचं ते बोलून मोकळी झाली. सिंधूताईंनी फोनवरच टाळी वाजवली.

"मॅडम, एक विचारू? तुमच्याकडे लतिका सोनटक्के नावाची आहे का कोणी?"

लतिकानं पाण्याचा घोट घेतला. "आहे ना. ओळखते मी."

"सून आहे ते माझी. कशी आहे कामाले?"

"चांगली आहे, ताई. हुशार आहे. ग्राहक खूश असतात तिच्यावर."

"असं?" पेशंट ताप नाही म्हणाला तरी थर्मामीटर लावून बघणाऱ्या सिस्टरचा हा सूर होता. "घरी तर तिले काही सांगता येत नाही धड. तुम्ही जरा लक्ष ठेवत जा तिच्यावर."

"ठेवते," लतिका म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सिंधूताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "लोखंडातून नेट जात नाही. ध्यानात ठेव. तुमच्याच हापिसातल्या रीना मॅडमनं सांगितलं. काय बोलतात ते! शीक जरा त्यांच्यापासून."

लतिकानं अंकुशला स्वयंपाकघरात ओढून सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "आत्ताच सांगू नको वं. पहिल्यांदा या घरात तुझी कोणी तारीफ करून राहिलं."

"माझी नाही. रीनाची."

"एकच तर आहे."

पण ते एक नव्हतं, हे लतिकाला लवकरच कळलं. सिंधूताई आता दर दोन-तीन दिवसांनी फोन करू लागल्या. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर त्या ऐकूनच घेत नसत. "तुम्ही राहू द्या. रीना मॅडमले फोन द्या." रीनानं सांगितलं की मालिका पाहताना दुसरं काही डाउनलोडला लावू नये, लावलं नाही. रीनानं विचारलं की नेटवर एवढे मोबाइल कुणाचे दिसतात. तेव्हा उघड झालं की सिंधूताईंनी पासवर्ड सगळ्या गल्लीला वाटला होता आणि शेजारची पिंकी तर सकाळ-संध्याकाळ त्याच्यावरच सिनेमे बघत होती. हीच गोष्ट लतिकानं महिन्याभरापूर्वी सांगितली तर "माणुसकी नाही का तुले" असं ऐकावं लागलं होतं. रीनाच्या एका शब्दावर पासवर्ड बदलला, आणि सिंधूताईंनी स्वतः फाटकाशी जाऊन पिंकीला कळवलं की भेटण्याची वेळ संपली.

घरी लतिका काही बोलायला गेली की सिंधूताई हात वर करत. "थांब. रीना मॅडमले विचारते." लतिकाला आता रीनाचा राग येऊ लागला. ही कोण लागून गेली? हिला भाकरी थापाव्या लागत नाहीत, हिच्या हातून कधी दूध उतू जात नाही, हिला सणासुदीला माहेरी जायची परवानगी मागावी लागत नाही. आणि वर सगळी हिचीच पूजा.

माणसाच्या हातात अशी सत्ता आली की मोह होतो. लतिकालाही झाला. एकदा रीनानं सिंधूताईंना सुचवलं की राऊटरला संध्याकाळी थोडी विश्रांती दिलेली बरी. सातच्या सुमाराला बंद करावा, आणि तेवढ्यात, म्हणजे आपलं उदाहरणादाखल, कुकर लावून होतो. त्या संध्याकाळी लतिका घरी आली तर जिन्यातच शिट्टी ऐकू आली. तिला आतून लाज वाटली. वरण-भात मात्र ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी ऋषिकेशनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. तिथे ग्राहकांचे फोन ऐकून तपासत.

"राऊटर बंद करून कुकर लावा, हे कोणत्या मॅन्युअलमध्ये आहे?"

लतिका गळ्यातल्या कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"आणि त्या आधीच्या कॉलमध्ये तू स्वतःलाच शाबासकी देऊन टाकली. ग्राहक खूश असतात म्हणे." मग त्यालाच हसू आवरेना. "घरी सांगून टाक, लतिका. एक दिवस अंगावर येईल हे."

तिनं ठरवलंही, की येत्या रविवारी सांगायचं. पण त्याआधी सिंधूताईंची नवी तक्रार आली.

"मॅडम, आता अटकत नाही. पण चित्र साफ नाही येत. धुकं पडल्यासारखं दिसते. माणसांचे चेहरे पुसल्यासारखे."

नेट कमी पडलं की टीव्ही आपणहून चित्राचा दर्जा उतरवतो, हे लतिकाला ठाऊक होतं. तिनं लाइन तपासली. लाइन ठणठणीत होती. वेग भरपूर होता. वाय-फाय नको, सरळ वायरच लावू, म्हणून तिनं सिंधूताईंकडून राऊटरची वायर टीव्हीला लावून घेतली. धुकं तसंच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा सर्वांत वरचा करायला लावला. धुकं तसंच. कंपनीचा माणूस घरी जाऊन आला आणि 'चित्र उत्तम, ग्राहक असमाधानी' असा शेरा देऊन मोकळा झाला. लतिकानं घरी स्वतः डोळे फाडून पाहिलं. नायिकेच्या नथीतला मोती न मोती दिसत होता.

"आई, चांगलं तर दिसून राहिलं."

"तुले दिसत असन," सिंधूताई म्हणाल्या आणि खुर्ची टीव्हीकडे अजून थोडी सरकवली.

ती खुर्ची लतिकाच्या डोक्यात राहिली. दिवाळीत ती भिंतीला टेकलेली होती. आता पंख्याखाली आली होती.

पुढच्या फोनला तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रशिक्षणात शिकवलं होतं: दोष बाहेरून आत शोधत यायचा. आधी रस्त्यावरची लाइन, मग भिंतीवरची डबी, मग राऊटर, मग वायर, मग टीव्ही. एकेक ठीक निघत गेलं. टीव्हीच्या पुढे यादीत काही नव्हतं. टीव्हीच्या पुढे खुर्ची होती, आणि खुर्चीत सिंधूताई.

"ताई, तुम्ही बसलाय तिथून भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं?"

"दिसते ना."

"आज कोणती तिथी लिहिलीय?"

मागे टीव्हीवर कुणीतरी हुंदके देत होतं. सिंधूताईंनी आवाज बंद केला.

"मॅडम, हे तुमच्या खात्यातलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई."

"डाव्यात मोतीबिंदू पिकला आहे. उजव्यात सुरू आहे. मले कोणी सांगाले नको. जिंदगी गेली तेच पाहण्यात."

"मग दाखवलं का नाही?"

"भेव लागते."

हा शब्द लतिकानं या बाईच्या तोंडी कधी कल्पनेतही ठेवला नव्हता.

"त्या ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाले मी नेहमी वरून पाहिलं, मॅडम. तो लाइट, ती हिरवी चादर. खालून ते कसं दिसते, ते मले पाहायचं नाही."

"घरी बोललात कुणाशी?"

"पोराले सांगितलं तर तो रडन. आणि सुनेले सांगितलं तर..."

"तर?"

"तर ते चांगली वागन माझ्याशी. मले हात धरून नेईन, गोळ्या देईन. ते मले नाही जमणार."

लतिकानं हेडफोन दोन्ही हातांनी धरला. आजूबाजूला सगळे आपापल्या ग्राहकांना लाल दिवा हिरवा झाला का विचारत होते. रीनाला काय बोलायचं ते लगेच सुचलं. लतिकाला सुचलं नसतं.

"ताई, सुनेला सांगा. आणि ती फार चांगली वागायला लागली, तर मला फोन करा. मी तक्रार नोंदवून घेते."

सिंधूताई हसल्या. आधी नाकातून, मग मोठ्यानं.

त्या संध्याकाळी लतिकानं चप्पल काढली न काढली तोच त्या म्हणाल्या, "उद्या सुट्टी टाक. धंतोलीले जायचं आहे. मोतीबिंदू आहे डोळ्यात. रीना मॅडम म्हणाल्या, तुले घेऊन जा."

चांगलं वागायचं नाही, हे लतिकाच्या ध्यानात होतं. "इतके दिवस काहून नाही सांगितलं?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "टीव्हीत घुसायचीच बाकी राहिली होती तुमची खुर्ची! आणि मले ओरडून राहिल्या होत्या, मोबाइल पाहते म्हणून!"

सिंधूताईंच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. "बस, बस. जास्त बोलू नको," त्या म्हणाल्या आणि फाइल काढायला आत गेल्या. अंकुश दुधाची पिशवी घेऊन आला तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. तो रडला, पण थोडाच.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांच्याच जुन्या दवाखान्यात झालं. तिथे आता त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. एका कोवळ्या सिस्टरनं त्यांना 'आजी' म्हणून खाटेवर बसवलं तेव्हा लतिकानं श्वास रोखून धरला. पण सिंधूताई एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसतं टेबलावर काय काय मांडलंय ते एका डोळ्यानं मोजत राहिल्या. भीतीनं त्यांची जीभ पहिल्यांदाच बांधली गेली होती. ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्ध हरपण्याचा प्रश्नच नव्हता, तरी बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, शुद्धीवर आल्यासारखं वाटून राहिलं.

पट्टी निघाली आणि घरातल्या बाकीच्यांचे दिवस फिरले. सिंधूताईंना पंख्यावरची धूळ दिसू लागली. कोपऱ्यातलं जाळं दिसू लागलं. पोह्यांतला एक खडा, अंकुशच्या शर्टाची निसटलेली शिवण, टीव्हीवरच्या सासूनं थापलेली पावडर, काहीच सुटत नव्हतं. एका सकाळी त्यांनी लतिकाची हनुवटी धरून तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. "हे काळं केव्हापासून वं तुझ्या डोळ्याखाली?" लतिका काहीतरी पुटपुटून सुटली.

आणि मग त्यांनी ठरवलं, रीना मॅडमचे आभार मानायचे. फोनवर नव्हे, समोर जाऊन. लतिका कामावर गेल्यावर त्यांनी चांगली साडी नेसली, संत्रा बर्फीचा डबा घेतला आणि ऑटोनं सेंट्रल अव्हेन्यू गाठला.

दाराशी नूपुर नावाची नवीन लागलेली मुलगी बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. "रीना मॅडम ना? त्या काय, खिडकीजवळ."

लतिका तेव्हा कुण्या गृहस्थाला समजावत होती. पाठ दाराकडे होती. "सर, काळजी करू नका. आपण एकेक करून पाहू. राऊटरच्या मागे एक छोटं बटण आहे, दिसलं का?" बोलता बोलता तिनं खुर्ची वळवली, आणि समोर बर्फीचा डबा घेतलेल्या सिंधूताई उभ्या होत्या. त्यांनी आधी तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. कार्डावर ठसठशीत अक्षरांत 'रीना' लिहिलं होतं. डावा डोळा आता उत्तम होता. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"सर, कृपया लाइनवर राहा," लतिका म्हणाली आणि तिचा आवाज मध्येच चिरकला.

"बोल, बोल," सिंधूताई म्हणाल्या. "पेशंट वाट पाहून राहिला."

त्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. त्या गृहस्थाला बटण सापडायला फार वेळ लागला. तेवढा सगळा वेळ त्या सरळ बसून ऐकत होत्या, वॉर्डात नव्या सिस्टरचं काम बघावं तशा. फोन संपला.

"आई..."

"मी रीना मॅडमले भेटाले आली होती," सिंधूताई उठत म्हणाल्या. "नाही दिसत त्या." त्यांनी डबा उघडला, नूपुरला बर्फी दिली, धावत आलेल्या ऋषिकेशला दिली, रांगेतल्या सगळ्यांना दिली. लतिकाच्या टेबलाशी आल्यावर झाकण लावलं आणि निघून गेल्या.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्यात सगळ्यात हाल झाले अंकुशचे. "अंकुश, तिले सांग, भाजीत मीठ जास्त आहे." "आईले सांगा, डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली." आयुष्यभर जी जागा त्यानं टाळली तिथेच त्याला आणून उभं केलं होतं, आणि दूध आणायला जाण्याचीही सोय उरली नव्हती, कारण तो गेला की निरोप अर्धवट राहायचे.

फुटलं ते एका रविवारी, भाजी निवडताना.

"सगळं ऐकलंस नं तू?" सिंधूताईंनी मेथीची जुडी ताटात टाकली. "तुझ्याबद्दल काय काय बोलली मी. ते भेव लागते म्हणाली, तेही."

"ऐकलं."

"मजा आली असन."

"पहिले आली," लतिका खरं ते बोलली. "मग नाही आली."

सिंधूताईंनी दोन-तीन काड्या निवडल्या. "एवढं गोड बोलता येते तुले. 'ताई, सांगा ना.' मग घरी काहून नाही बोलत तसं?"

"तुम्ही तरी घरी मले 'मॅडम' कुठं म्हणता? 'तकलीफ देते' म्हणता?"

सिंधूताईंनी निवडलेलीच काडी पुन्हा निवडायला घेतली. हे इतकं क्वचित घडे की अंकुश दारातून डोकावून गेला.

दोघींनी मग प्रयत्न करून पाहिला. लतिका म्हणाली, "आई, कृपया चहा घेता का?" आणि ते टोमणा मारल्यासारखं वाजलं. सिंधूताई म्हणाल्या, "जरा तकलीफ देते, लाइट बंद करता का?" आणि लतिकाला वाटलं, आता नक्कीच काहीतरी मोठं बिनसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताई नेहमीसारख्या ओरडल्या, "काहून वं, चहा आज मिळणार आहे का उद्या?" तेव्हा घरातल्या तिघांनाही हायसं वाटलं.

कंपनीला फोन मात्र येईनासे झाले. टीव्ही अटकला तर सिंधूताई आता स्वतःच राऊटर बंद करून, थोडं थांबून चालू करत. गल्लीत कुणाचं नेट बिघडलं तरी त्यांनाच बोलावणं येई. पिंकीच्या घरचं नवीन कनेक्शन त्यांनीच उभं राहून कुठे लावायचं ते ठरवलं. दुपारच्या वेळी लतिकाची नजर उगाचच स्क्रीनवर जायची. पण सोनटक्के हे नाव काही उमटायचं नाही.

उजव्या डोळ्याची तारीख लागली तेव्हा या खेपेला सिंधूताई पूर्वीच्या सिंधूताई होत्या. त्यांनी त्या कोवळ्या सिस्टरला थेंब कसा टाकायचा ते शिकवलं, ट्रेवरचा कापूस बदलायला लावला, शेजारच्या खाटेवरच्या रडणाऱ्या आजोबांना दटावलं. सगळा मजला त्यांच्या आवाजानं जागा झाला होता. मग हिरवा गाऊन घालून त्यांना ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसवलं, आणि तिथे त्या एकदम गप्प झाल्या. लतिका बाजूला उभी होती, हात न धरता.

"वं लतिका," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "जरा त्या आवाजात बोल."

"कोणत्या?"

"त्याच. माहीत आहे तुले."

बाकांवर पेशंटचे नातेवाईक दाटीवाटीनं बसले होते. सिस्टर उभी होती, अंकुश होता. लतिकाला संकोच वाटला. तिनं घसा साफ केला, आवाज थोडा उंच धरला आणि म्हणाली, "ताई, काळजी करू नका. फार वेळ लागणार नाही. काही अडचण आली तर मी लाइनवरच आहे."

सिंधूताईंनी मान हलवली आणि सिस्टरला हातानं खूण केली, चल. दार उघडलं, खुर्ची आत गेली, दार मिटलं.

बाकावरची एक म्हातारी बाई उठून लतिकाजवळ आली. तिच्या हातात चिठ्ठ्यांचा जुडगा होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा.

"मॅडम," ती अदबीनं म्हणाली, "आमच्या मालकाचा नंबर कधी लागन जी?"

लतिका सांगणार होती की मी इथली नाही. पण तिनं बाईच्या हातातल्या चिठ्ठ्या घेतल्या आणि म्हणाली, "बसा, ताई. बघू आपण. कोणता डोळा आहे त्यांचा?"